कागदावरची कमल

“नाव?” मी विचारलं.

“कुठलं सांगू?” मावशीनं कोळशाची इस्त्री उचलून बाजूच्या विटेवर ठेवली. “कागदावरचं, का माज्या आईनं ठिवलेलं?”

मी हसले. मांडीवर छापील तक्ता, हातात सरांनी दिलेलं पेन, आणि बसले होते वस्तीतल्या एकशे अडतीस नंबरच्या घराच्या उंबऱ्यावर. याच उंबऱ्यावर बसून मी दहावीचा अभ्यास केला होता. आई हॉटेलात भांडी घासून येईपर्यंत मावशीच्या कोळशाच्या उबेला बसायचं, असा माझा शाळेच्या दिवसांतला नेम होता. त्यामुळे ‘कुठलं सांगू’ या प्रश्नात थांबून विचार करण्यासारखं काही आहे, हे माझ्या एम.ए. झालेल्या डोक्यात शिरलंच नाही.

“खरं सांग,” मी म्हणाले. “हे सरकारी नाही. कॉलेजचं आहे, अभ्यासाचं.”

“मग लिही. हरणाबाई. हरणाबाई दगडू वाघमोडे.” ती स्वतःशीच हसली. “नऊ वर्सांत पयल्यांदा सांगितलं बघ कुणाला. बोलताना जीभ अडकली.”

“आणि इथं राहायला कधी आलीस?”

“अठ्ठ्याण्णवला. कमलीकडनं घेतली की खोली. तुला ठाव हाय सगळं.”

मला सगळं ठाऊक होतं. तरी मी लिहिलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच; फक्त हात मावशीचा होता आणि अवलक्षण करणारी मी.

पुण्यात कालव्याच्या काठाला आमची वीटभट्टी वस्ती. भट्ट्या केव्हाच गेल्या, माणसं राहिली. वस्तीत कागद घेऊन येणाऱ्या माणसाला काय सांगायचं, हे पोर बाराखडी शिकण्याआधी शिकायचं. कधीपासून राहता? पंच्याण्णवच्या आधीपासून. हा भाडेकरू का? छे, मेहुणा. आमच्या वस्तीत इतके मेहुणे होते की तितक्या बहिणी अख्ख्या तालुक्यात निघाल्या नसत्या. सहावीत असताना मी स्वतः एका साहेबाला रमजानचाचा माझे सख्खे मामा असल्याचं सांगितलं होतं, आणि साहेबांनी ते मान खाली घालून लिहूनही घेतलं होतं.

कारण साधं होतं. त्या काळी पंच्याण्णव सालच्या आधीचा रहिवास दाखवला तरच पुनर्वसनाच्या इमारतीत खोली मिळायची. त्यानंतर आलेला माणूस सरकारच्या लेखी आलेलाच नसायचा. मावशीनं खोली घेतली ती कमल विठ्ठल शेलार नावाच्या विधवेकडून. कमल गावी परत गेली आणि दोन वर्षांत तिकडंच वारली. रेशनकार्ड, विजेचं बिल, झोपडीधारकाचा फोटोपास, सगळं कमलच्या नावावर राहिलं. फोटोपासावरच्या फोटोला ओल लागून चेहऱ्याच्या जागी नुसता डाग उरला होता, हे देवाचे उपकार. मावशी त्या डागात राहायला गेली. साहेब आले की ती कमल, गेले की इस्त्रीवाली मावशी. हरणाबाई कुणालाच लागत नव्हती.

ती लागली वझरकर सरांना.

प्रा. मुकुंद वझरकर कालव्याच्या पलीकडं, वडिलोपार्जित बंगल्यात राहायचे. शहरातले मार्क्सवादी म्हणून त्यांचा दबदबा होता. दर गुरुवारी संध्याकाळी त्यांच्या दिवाणखान्यात अभ्यासमंडळ भरायचं. शहर कोण उभं करतं आणि शहरात कोण राहतं, जमिनीचा भाव कुणाच्या घामानं वाढतो आणि कुणाच्या खिशात जातो, घर राहण्यासाठी असतं की विकण्यासाठी, हे सर असं काही उलगडून सांगायचे की मला घरी येताना वस्तीचा रस्ता वेगळा दिसायचा. याबाबत खोटं बोलणार नाही. सर सांगायचे ते खरं होतं. माझा सगळा संताप त्यातूनच आला. खोटं असतं तर हसून सोडून दिलं असतं.

मंडळात मी एकटीच वस्तीतली. चर्चा अडली की सर माझ्याकडं वळायचे, “उज्वला, वस्तीला काय वाटतं?” जणू सगळ्या वस्तीनं मला वकीलपत्र दिलं होतं. सरांच्या पत्नी नंदिनीताई पोहे देताना मला दोनदा आग्रह करायच्या, बाकीच्यांना एकदा. माझी भूक ही त्या घरात सैद्धांतिक बाब होती. आणि सर बसायचे ते पांढऱ्याशुभ्र खादीच्या कुर्त्यात, ज्याच्या बाहीची धार भाजी चिरायला चालली असती. ती धार मावशीच्या हातची. आठवड्याला सात कुर्ते कालवा ओलांडून यायचे आणि सात परत जायचे. कष्टकऱ्यांविषयी बोलायला सरांना चुरगळलेला कुर्ता चालत नसे.

“बाहेरच्या माणसाला ही माहिती कधीच मिळणार नाही,” सर मला म्हणाले होते. “तू आतली आहेस. लोक तुझ्याशी खरं बोलतील. हीच तुझी पद्धती, आणि हाच तुझा पीएच.डी.चा पाया.”

लोक बोलले. दोनशे बारा घरं मी पालथी घातली. आपल्याच पोरीशी काय खोटं बोलायचं, म्हणून रमजानचाचांनीही सांगितलं की ते कुणाचे मामा नाहीत. एकसष्ट घरं पंच्याण्णवनंतरची निघाली. मी मूळ तक्ते माझ्याजवळ ठेवले आणि सगळी माहिती सरांच्या संगणकात भरून दिली. सर नावं छापणार आहेत का, हे मी विचारलं नाही. तो दोष माझा, आणि तो मी कुणाच्या पदरात टाकत नाही.

अहवालाचं प्रकाशन मोठ्या सभागृहात झालं. वस्तीतली माणसं खोल्या विकतात-घेतात, म्हणजे गरिबांच्या डोक्यातही घराचा बाजारभावच बसलाय, असा सरांचा मुद्दा होता. टाळ्या पडल्या. शेवटी तेवीस पानांचं परिशिष्ट होतं. घर नंबर, कागदावरचं नाव, खरं नाव, राहायला आल्याचं साल. विक्रीच्या टेबलावर एका नीटस माणसानं दहा प्रती घेतल्या. सर हरखून मला म्हणाले, “बघ, वाचक आहे अजून.”

वाचक बिल्डरचा होता.

महिन्याभरात वस्तीच्या समाजमंदिरावर नोटीस चिकटली. वस्ती पाडून तिथं इमारती बांधणाऱ्या कंपनीनं एकसष्ट घरांवर हरकत घेतली होती, पुरावा म्हणून आमच्या परिशिष्टाची पानं जोडून. हिशेब उघड होता. जितक्या खोल्या फुकट द्यायच्या कमी, तितकं विकायला जास्त. सुनावणी वीस दिवसांनी.

मी तशीच बंगल्यावर गेले. सर व्हरांड्यात वाचत बसले होते.

“सर, नावं कशाला छापली?”

“नावाशिवाय गरीब माणूस नुसता आकडा होऊन जातो, उज्वला. आपण त्यांना नावं दिली.”

“त्यांना होती ती. लपवून ठेवलेली.”

त्यांनी चष्मा काढला. चष्मा काढला की सर समजुतीनं बोलायचे.

“सर, एक पत्र द्या,” मी म्हणाले. “परिशिष्टातली नावं आणि सालं काल्पनिक आहेत, ओळख लपवण्यासाठी बदललेली आहेत, एवढंच. दोन ओळी.”

“म्हणजे मी खोटं लिहून देऊ?”

“हो.”

“तीस वर्षं मी या विषयात घालवली. एका आकड्याला कुणी बोट लावू शकलेलं नाही.” त्यांचा आवाज दुखावलेला होता, आणि खरोखरच दुखावलेला होता. “आणि मुळात या योजनाच फसव्या. भांडवल जमीन ताब्यात घेतं आणि तोंडाला पानं पुसावीत तसा खोलीचा तुकडा देतं. माणसं गप्प बसतात. तुझी ती मावशी या भ्रमातून बाहेर पडली, तर वर्गीय दृष्टीनं तो तोटा नाही.”

“सर, ती भ्रमातून नाही, घरातून बाहेर पडेल. पासष्ट वर्षांची आहे. पुढं-मागं कोणी नाही.”

“व्यक्तीच्या पातळीवर हे क्लेशकारक आहेच,” सर म्हणाले आणि चष्मा परत घातला. “चहा घेणार?”

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण मला त्या व्हरांड्यात आठवली आणि अपुरी वाटली. पाषाण निदान चहा तरी विचारत नाही. उठताना मला दारामागच्या खुंटीवर उद्या इस्त्रीला जायचे कुर्ते दिसले, गाठोडं बांधून तयार.

मावशीला सांगायला मी दोन दिवस घेतले. तिला ते आधीच कळलेलं होतं. वस्तीतली माणसं मला पाहून बोलणं थांबवायला लागली होती. रमजानचाचांनी माझा सलाम घेतला नव्हता. मावशी मात्र नेहमीसारखी कुर्त्यावर पाणी शिंपडत होती. तेच कुर्ते, धार काढायला आलेले.

“मावशी, माझं चुकलं.”

“तुजं न्हाई, माजं.” तिनं मान वर केली नाही. “कागद घिऊन आलेल्या माणसाला खरं सांगायचं नसतं. मला वाटलं, ही आपली हाय. तू आपली हायेसच गं उज्वले. पर हातात कागद व्हता, त्ये मी बघितलं न्हाई.”

त्यावर मी रडले. तिनं रडू दिलं. इस्त्री गार होईल म्हणून ती थांबली मात्र नाही.

“कुठं जाशील?”

“जायला कुठं हाय? गावाकडं दिराची पोरं हायेत, ती दारात उभी करायची न्हाईत. हितंच पुलाखाली शेगडी मांडीन. कपडे काय, कुठं बी कडक व्हत्यात.”

“ते कुर्ते तरी परत पाठव त्यांचे.”

“त्या कुर्त्यानं काय केलं?” ती म्हणाली. मी तिच्या जागी असते तर कुर्त्याच्या मधोमध तापलेली इस्त्री ठेवून निवांत चहाला गेले असते. पण मला पाच वर्षं अभ्यासमंडळाचे पोहे मिळाले होते. तिला नव्हते, म्हणून तिची माणुसकी शाबूत होती.

सुनावणीच्या दिवशी सकाळी मी दोनशे बारा तक्त्यांचा गठ्ठा घेऊन तिच्याकडं गेले. काय करायचं ते मी रात्रभर ठरवत होते, आणि सकाळी ठरवायला काही उरलं नव्हतं.

“शेगडी पेटलीय?”

तिनं माझ्याकडं पाहिलं, मग गठ्ठ्याकडं. फुंकर घालून तिनं निखारे फुलवले. मूठमूठभर कागद आम्ही शेगडीत टाकत गेलो. ज्वाळ मोठी झाली की ती चिमट्यानं कागद दाबायची, झोपडीचा पत्रा काळा होऊ नये म्हणून.

“माजा कंचा?” तिनं विचारलं. तिला वाचता येत नव्हतं. “त्यो बी टाक.”

“टाकला,” मी म्हणाले.

सुनावणी पुनर्वसन कार्यालयाच्या पहिल्या मजल्यावर होती. टेबलामागं निकम नावाचे साहेब, दमलेले, टेबलावर फायलींची चळत. एका बाजूला कंपनीचा तरुण वकील, दुसऱ्या बाजूला वस्तीतली वीस-पंचवीस माणसं, भिंतीला टेकून. वकिलानं सरांना बोलावलं होतं, आणि सर आले होते. अंगात मावशीनंच इस्त्री केलेला कुर्ता, ताजी धार.

“हा अहवाल तुमचा?” निकम साहेबांनी विचारलं.

“माझा. माझा हेतू या लोकांच्या विरोधात मुळीच नाही, हे आधी नोंदवा. माझा विरोध या संपूर्ण विकासाच्या—”

“माहिती खरी आहे का, एवढंच सांगा.”

सर थांबले. भिंतीकडच्या माणसांकडं त्यांनी पाहिलं. तिथं मावशी उभी होती. मला आजही वाटतं, त्यांनी तिला ओळखलं नाही. गाठोडं गडी आणायचा-न्यायचा. तिला त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. तीन हजार कुर्ते झाले असतील, पण तोंडओळख नाही.

“शास्त्रीय पद्धतीनं गोळा केलेली आहे,” सर म्हणाले. “माझ्या विद्यार्थिनीनं. ती त्याच वस्तीतली आहे. एकही नोंद चुकीची नाही.”

साहेबांनी मला पुढं बोलावलं.

“सर्वेक्षण तुम्ही केलंत?”

“नाही, साहेब.”

वकिलानं मान वर केली.

“मी एकाही घरात गेले नाही,” मी म्हणाले. माझा आवाज स्थिर होता. सहावीतला सराव कामी आला. “सर घाई करत होते. मी घरी बसून रकाने भरले. सालं अंदाजानं टाकली, नावं मनानं.”

“उज्वला!” सर उभे राहिले. “काय बोलतेयस तू? मूळ तक्ते आहेत तुझ्याकडं!”

“कुठं आहेत?” साहेबांनी विचारलं.

“नाहीत. केलेच नाहीत तर असणार कुठून?”

साहेबांनी परिशिष्टाचं पान पुढं ओढलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. योगायोग असेल, मला तो योगायोग आजही सहन होत नाही.

“एकशे अडतीस. कागदावर कमल शेलार, आणि तुम्ही खरं नाव लिहिलंय हरणाबाई दगडू वाघमोडे. अशी कोणी बाई वस्तीत आहे?”

मावशी माझ्यामागं दोन हातांवर होती. तिचा श्वास मला ऐकू येत होता.

“नाही, साहेब,” मी म्हणाले. “अशी बाई नाही. ते नाव मी रचलं.”

“लेखी द्याल?”

“देते.”

मी लिहीत असताना सर काहीतरी बोलत होते. विश्वासघात, शास्त्र, पिढी, असे शब्द मधूनमधून कानावर पडत होते. एवढ्या वर्षांत मी त्यांना एवढं मनापासून चिडलेलं पाहिलं नव्हतं. एकसष्ट घरं जाताना नव्हतं, एक परिशिष्ट जाताना होतं. माझी सही झाल्यावर साहेबांनी मावशीला पुढं बोलावलं.

“बाई, तुमचं नाव?”

मावशीनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

“कमल विठ्ठल शेलार,” ती म्हणाली. जीभ कुठंही अडकली नाही. तिनं अंगठा पुढं केला, आणि शाई लावायची गादी साहेबांनी स्वतःच तिच्याकडं सरकवली. ते सगळं समजून होते, असं मला वाटतं. त्यांनी हरकत फेटाळली.

पुढचं सांगण्यासारखं फार नाही. माझी पीएच.डी.ची नोंदणी गेली. विद्यापीठाच्या पत्रात ‘बनावट सर्वेक्षण’ असे शब्द होते, आणि मी ते पत्र जपून ठेवलं आहे. मी बी.एड. केलं, गेली सोळा वर्षं शाळेत भूगोल शिकवते. एकसष्ट घरांना खोल्या मिळाल्या. रमजानचाचा परत माझे मामा झाले. इमारत धड नाही, लिफ्ट महिन्यातून दहा दिवस चालते, भिंतींना ओल आहे. सर म्हणाले होते तसा तुकडाच तो. पण त्या तुकड्याला कडी होती, आणि मावशी ती आतून लावून चौदा वर्षं झोपली.

सरांनी चार वर्षांनी एक लेख लिहिला. गरिबांचं खोटं बोलणं हे अज्ञान नसून सत्तेविरुद्धचा प्रतिकार आहे, असं त्यात सिद्ध केलं होतं. उदाहरण आमच्याच वस्तीचं होतं. त्या लेखाला कुठलासा पुरस्कार मिळाला. सत्काराला सरांनी मला आमंत्रण पाठवलं, वर स्वतःच्या अक्षरात ‘तू यावंस’ असंही लिहिलं. मी ते पत्र मावशीला वाचून दाखवलं. “जा की,” ती म्हणाली, “पोहे चांगले अस्त्यात म्हणतीस ना.” आणि दोघी पोट दुखेस्तोवर हसलो.

दोन वर्षांपूर्वी मावशी गेली, झोपेतच. वस्तीतल्या माणसांनी खांदा दिला. स्मशानभूमीच्या खिडकीशी मी उभी राहिले. आतल्या माणसानं नोंदवही पुढं ओढली.

“नाव?”

माझ्या तोंडाशी आलं होतं. तिच्या खोलीत शेवटची तीन वर्षं तिची एक लांबची भाची राहत होती, आणि खोलीचे कागद अजून त्या भाचीच्या नावावर व्हायचे होते; त्यासाठी मृत्यूचा दाखला कमलच्याच नावाचा लागणार होता. कागद घेऊन बसलेल्या माणसाला काय सांगायचं, हे मला आता कुणी शिकवायला नको होतं.

“कमल विठ्ठल शेलार,” मी सांगितलं.

त्यानं लिहिलं. पावती दिली. आत गेल्यावर, भट्टीचं दार उघडण्याआधी, मी पिशवीतून घडी केलेला एक जुना तक्ता काढला. एकशे अडतीस. वयाच्या तेविसाव्या वर्षीचं माझं नीटनेटकं अक्षर. हरणाबाई दगडू वाघमोडे. तो मी तिच्या हाताखाली, पदराच्या आत सारला.

“टाकला, मावशी,” मी म्हणाले.